ओसागीची कागदावरची पाच वर्षं

ओसागी इदेहेन डाव्या पायात बूट चढवताना टाच जमिनीला टेकवत नाही, हे कादिर बुरोंडकरच्या लक्षात आलं ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. सकाळचे नऊ वाजले होते. बाकीचे खेळाडू मैदानाकडे गेले होते आणि हा बाकावर बसून टाच हवेत धरून नाड्या आवळत होता.  सराव संपल्यावर कादिरनं त्याला उपचाराच्या टेबलावर पालथं झोपवलं आणि टाचेवरची जाड शीर दोन बोटांच्या चिमटीत धरली. ओसागीनं टेबलाची कड घट्ट धरली.

"कधीपासून?" कादिरनं विचारलं.

"आजच, डॉक."

शीर बोटाएवढी जाड सुजलेली होती. अशी सूज एका दिवसात येत नाही. दोन महिने तरी त्यानं दुखणं अंगावर काढलं होतं.

कादिर मूळचा दापोली तालुक्यातला. फिजिओथेरपीची पदवी घेऊन तो रियाधच्या एका इस्पितळात लागला, तिथे अकरा वर्षं काढली आणि मग रियाधपासून दीड तासावरच्या एका गावातल्या या फुटबॉल क्लबात आला. क्लब खालच्या विभागातला. एक मैदान, एक जिम, आणि मुदीर, म्हणजे क्लबचा व्यवस्थापक, ज्याच्या टेबलावरून प्रत्येक कागद जायचा. आठवडाभर कादिर क्लबच्या खोलीत राही आणि सुट्टीला रियाधमधल्या बत्हा भागाजवळच्या फ्लॅटमध्ये, बायको आबिदा आणि मुलगी उमामा यांच्याकडे जाई.

ओसागी मधल्या फळीत खेळायचा. गोल करणारा नव्हे. प्रतिस्पर्ध्याच्या पायातला चेंडू काढून आपल्या माणसाला देणारा, आणि दिल्यावर पुन्हा त्याच कामासाठी धावणारा. अशा खेळाडूचा फोटो पेपरात येत नाही. पण तो नसला की संघ मधोमध फाटतो, हे ट्युनिशियन प्रशिक्षकाला ठाऊक होतं, म्हणून पहिल्या सामन्यापासून ओसागी प्रत्येक सामन्यात होता. जानेवारीपर्यंत सोळा सामने झाले होते.

सोळा हा आकडा महत्त्वाचा होता. मोसमात पंचवीस सामन्यांत सुरुवातीपासून खेळला तर करार आपोआप एक वर्ष वाढेल, असं कलम त्याच्या करारात होतं. आणि वाढलेल्या वर्षात क्लब त्याला कुटुंबासाठी फ्लॅट देणार होता. बायको इव्ही आणि नऊ वर्षांची मुलगी नायजेरियात, बेनिन सिटीत होत्या. मुलीच्या जन्मापासून तो तिच्याबरोबर वर्षाला फार तर चाळीस दिवस राहिला होता. आजवरच्या एकाही करारात कुटुंबाचा शब्द नव्हता. या करारात होता. नऊ सामने बाकी होते.

आणि जानेवारी म्हणजे खेळाडू बदलायचा महिना. परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या. एखादा दीर्घकाळ जायबंदी आहे असा कागद मुदीरच्या टेबलावर गेला, की त्याचं नाव काढून दुसऱ्याचं घालायला एक दुपार पुरते. म्हणूनच ओसागी म्हणाला होता, आजच.

कादिर त्याच्यावर उपचार करू लागला, तसा ओसागी बोलू लागला. टेबलावर पालथा पडलेला माणूस आपोआप बोलतो. समोर कुणाचं तोंड नसतं. त्याची कारकीर्द कादिरला अशी तुकड्यातुकड्यांनी कळली. बेनिन सिटीतलं लाल मातीचं मैदान. मग ट्युनिशिया, तिथे पहिल्या हिवाळ्यात सहा महिने राखीव खेळाडू. मग अल्बानिया, तिथला मालक निवडणूक हरला आणि संघच बंद पडला. मग तुर्कस्तान, तिथे चार वर्षं, ती सर्वांत चांगली. नायजेरियाच्या राष्ट्रीय शिबिरात एकदा बोलावणं आलं. मैत्रीपूर्ण सामना होता. उत्तरार्धात प्रशिक्षकानं अंग गरम करायला सांगितलं, तो वीस मिनिटं गोलमागे धावला, आणि शिट्टी वाजली. परत बोलावणं आलं नाही. मग ओमान, आणि आता इथे. सगळे प्रशिक्षक त्याच्याबद्दल एकच तक्रार करत आले होते: खेळाची समज मोठी, पण वयाच्या मानानं लवकर दमतो.

एक दिवस बोलता बोलता त्यानं शहाण्णवच्या ऑलिंपिकची आठवण सांगितली. नायजेरियानं फुटबॉलचं सुवर्ण जिंकलं, सगळं शहर रस्त्यावर उतरलं. वडिलांनी खांद्यावर घेतलं, पण गर्दी बघून तो हट्टानं खाली उतरला आणि एक चप्पल हरवली. दुसऱ्या दिवशी आईनं त्या चपलेवरून मारलं.

कादिरचे हात थांबले नाहीत. पण भिंतीवर खेळाडूंचा तक्ता होता, आणि त्यात ओसागीच्या नावापुढे जन्मसाल पंच्याण्णव होतं. शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये हा माणूस दीड वर्षाचाही नव्हता. दीड वर्षाचं मूल गर्दीत धावत नाही आणि चपलेचा मार लक्षात ठेवत नाही.

त्या सुट्टीला घरी कादिरनं आबिदाला सांगितलं. ती मासे साफ करत होती.

"मग त्यात काय," ती म्हणाली. "तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"एक जून."

"तुमच्या भावाचा?"

कादिर हसला. त्याच्याही भावाचा एक जूनच. दोघाही भावांना शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख लावली, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि तेवढं वय बसलं पाहिजे होतं. आईला विचारलं तर ती एवढंच सांगायची, की नारळी पौर्णिमा होऊन होड्या पाण्यात गेल्या त्या आठवड्यात तू झालास. इस्पितळात असताना महाराष्ट्रातल्या सहा जणांना एकाच दिवशी वाढदिवसाच्या शुभेच्छा यायच्या आणि कॅन्टीनमधला फिलिपिनो पोऱ्या दर वर्षी विचारायचा, तुमच्याकडे माणसं फक्त जूनमध्येच जन्मतात का. खोटी तारीख म्हणजे कादिरच्या लेखी हे असं होतं. गमतीचं, सगळ्यांचं, कुणाचं काही न बिघडवणारं.

इथेच त्याची चूक झाली.

टाचेच्या शिरेचा उपचार म्हणजे तिच्यावर मोजून भार टाकणं. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, टाच हळूहळू खाली सोडायची, पुन्हा उचलायची. रोज किती वेळा, किती वजन घेऊन, हे वयावर ठरतं. एकोणतिसाव्या वर्षी शीर भारानं बळकट होते. पस्तिशीकडे झुकलेली, पंधरा वर्षं वापरलेली शीर त्याच भारानं आतून झिजू शकते. तिला आधी विश्रांती लागते, आणि त्याहीआधी एमआरआय. कादिरला हे पाठ होतं. पण एमआरआयची चिठ्ठी मुदीरकडे जाणार होती. आणि खऱ्या वयाचा तर विषयच नको. ते बाहेर आलं असतं तर नुसता करार गेला नसता, बंदी आली असती. त्यानं तक्त्यावरच्या वयाप्रमाणे आखणी केली. दोन सामने 'सर्दीताप' म्हणून वगळले, टाचेला पट्ट्यांचा आधार दिला आणि अहवालात लिहिलं: खेळण्यास योग्य.

दोन महिने ते बरोबरच ठरलं. ओसागी सकाळी लंगडायचा, दहा वाजेपर्यंत मोकळा व्हायचा आणि खेळायचा. अठरा झाले, वीस झाले. प्रत्येक सामन्यानंतर तो कादिरला बोटांनी आकडा दाखवायचा. बाविसाव्या सामन्यानंतर इव्हीनं मुलीच्या शाळेचा दाखला काढून ठेवल्याचं त्यानं सांगितलं. रियाधमध्ये मेट्रो आहे का, हे मुलीनं विचारलं होतं. तेविसाव्यानंतर कादिरनं शीर चाचपली. मधोमध एक जागा बोटाखाली मऊ लागली, पिकल्या केळासारखी. त्यानं दुसऱ्यांदा चाचपली.

"पुढचा सामना सोड," तो म्हणाला.

"दोनच राहिलेत, डॉक."

"एक सोडलास तरी अजून सहा सामने आहेत. त्यात दोन होतील."

"आणि माझ्या जागी जो खेळेल तो चांगला खेळला तर?"

 यावर कादिरकडे एकच उत्तर होतं, की तू एकोणतीस वर्षांचा नाहीस आणि हे मला माहीत आहे. ते त्यानं दिलं नाही. झाकली मूठ झाकलेलीच राहू दिली.

चोविसावा सामना मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर सुरू झाला. एकाहत्तराव्या मिनिटाला चेंडू मध्यरेषेजवळ सुटा पडला. ओसागीनं त्याच्याकडे झेप घ्यायला डावा पाय दाबला आणि तो तिथेच थांबला. मग रागानं मागे वळून पाहिलं, कुणी लाथ मारली ते. मागे पंधरा पावलांवर कुणी नव्हतं.

बाकावरून कादिर उठला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. शीर तुटते तेव्हा माणसाला मागून लाथ बसल्यासारखं वाटतं. प्रत्येक जण वळून बघतो. तो धावत पोचला, ओसागीला पालथं केलं आणि पोटरी दाबली. शीर शाबूत असती तर पाऊल हललं असतं. ते हललं नाही. पंचानं विचारलं, चालू शकेल का. कादिरनं नकारार्थी मान हलवली आणि स्ट्रेचर मागवलं.

शस्त्रक्रिया रियाधला झाली. शल्यविशारदानं कादिरला बाहेर बोलावून विचारलं, हा माणूस खरंच एकोणतीस वर्षांचा आहे का, आतली शीर पार झिजलेली होती. कादिर म्हणाला, पासपोर्टवर तसं आहे. मुदीरनं एवढंही विचारलं नाही. चोवीस सामने झाले होते, कलम लागू होत नव्हतं, मेअखेर करार संपत होता. "खलास," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. फाइल बंद करताना असतो तेवढाच स्वर होता.

निघायच्या आदल्या दिवशी ओसागी कुबड्यांवर उपचाराच्या खोलीत आला. कादिर त्याच्यासाठी पुढच्या नऊ महिन्यांच्या व्यायामाचा कागद लिहीत होता, बेनिन सिटीतल्या फिजिओला द्यायला. नाव लिहून झालं होतं. वयाशी पेन थांबलं.

"खरं किती?" त्यानं विचारलं.

ओसागीनं दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

"चौतीस. ऑक्टोबरात पस्तीस." मग त्यानं सांगितलं. विसाव्या वर्षी सतरा वर्षांखालच्या स्पर्धेसाठी निवड करणारा माणूस आला होता. तो म्हणाला, खेळ चांगला आहे, पण उशीर झालाय. तू पंधराचा हो. एका दुपारी तो पंधराचा झाला. आईनं नव्या दाखल्यावर अंगठा दिला. तेव्हापासून घरातही त्याचा खरा वाढदिवस कुणी साजरा केला नाही; मुलीलाही माहीत नाही. "तुम्हाला कसं कळलं?"

"ऑलिंपिक. तुझी चप्पल."

ओसागी क्षणभर हसला. मग हसू ओसरलं.

"म्हणजे जानेवारीत."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला एकोणतीसचे व्यायाम दिले."

कादिरनं त्याला एक जूनची गोष्ट सांगितली. गुरुजी, भाऊ, सहा जणांच्या शुभेच्छा. घरी सांगताना ती नेहमी हसवणारी गोष्ट होती. ओसागीनं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"तुमच्या तारखेनं तुम्हाला शाळेत घातलं, डॉक," तो म्हणाला. "माझ्या तारखेला मी रोज धावून खरं करत होतो."

कादिरनं कागदावर चौतीस लिहिलं आणि त्याप्रमाणे सगळे आकडे बदलले. भार निम्मा, आठवडे दीडपट. ओसागीनं कागद वाचला. मग टेबलावरची पट्ट्या कापायची कात्री घेऊन त्यानं वरची पट्टी, नाव आणि वय होतं तेवढी, सरळ कापली आणि कादिरच्या हातात दिली. उरलेला कागद घडी घालून खिशात ठेवला. विमानतळावर सामान उघडतात, तो म्हणाला. आणि पुढच्या वर्षी कुठे तरी, एखाद्या लहान क्लबात, कदाचित. कादिरनं ती पट्टी वापरलेल्या पट्ट्यांच्या बादलीत टाकली.

इंटरनेटवर ओसागीच्या नावाचं एक पान आहे. देश, क्लब, वर्षं, सामने. शेवटच्या ओळीत सौदी अरेबिया, चोवीस सामने, शून्य गोल. वर जन्मसाल पंच्याण्णव. ते पान वाचणाऱ्याला वाटावं की हा खेळाडू तिशीच्या तोंडावर का कोण जाणे थांबला.

एक जूनला कादिरच्या फोनवर नेहमीप्रमाणे बँकेच्या शुभेच्छा आल्या, जुन्या इस्पितळाच्या आल्या. दुपारी ओसागीचा संदेश आला: वाढदिवसाच्या शुभेच्छा, डॉक. आबिदानं वाचला आणि फोन त्याच्या हातात परत दिला. कादिरनं आभार मानले नाहीत. आधाराचा बूट काढून किती चालतोस, एवढं विचारलं.

संध्याकाळी उत्तर आलं. घरातल्या घरात.