चार नंबरचा बेड

“आमच्या ह्यांना चार नंबरवरून हलवा. नाहीतर मी उचलून नेते.”

टेम्पो ड्रायव्हरची बायको माझ्या टेबलासमोर उभी होती. रत्नागिरीकडची बाई, आवाज चढा. मीही थंड डोक्याचा माणूस नाही. पण ती खोटं बोलत नव्हती. त्या बेडवर चार महिन्यांत तीन पेशंट गेले होते, तिघंही तिसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी तिघांनीही सिस्टरला एकच विचारलं होतं, “पायाशी कोण उभंय?”

ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. शांती नगरच्या त्या नर्सिंग होममध्ये मी वॉर्डबॉय म्हणून लागलो आणि मॅनेजर झालो. तो बेडही मीच आणलेला, एका बंद पडलेल्या हॉस्पिटलच्या सामानातून, भंगारवाल्याशी दोन तास घासाघीस करून. तेव्हा नर्सिंग होमचे मालक डॉक्टरसाहेब, त्यांनी पाठ थोपटली. पेशंट जायला लागल्यावर म्हणाले, “स्वस्तात भूत घेऊन आलास.” हसत म्हणाले, पण सगळ्या स्टाफसमोर. ते मी अजून विसरलेलो नाही.

ड्रायव्हरला घोडबंदरजवळ ट्रकने उडवलं होतं. मांडीचं हाड मोडलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बशीतून चहा पीत बायकोची थट्टा करत होता. दुपारी ती माझ्याशी भांडत असतानाच सिस्टर आली.

“सर, तो विचारतोय.”

काय, ते मी विचारलं नाही. वॉर्डात गेलो. ड्रायव्हर धापा टाकत होता, नजर माझ्या खांद्याच्या मागे. “त्यांना बसायला सांगा ना,” म्हणाला. मागे कोणी नव्हतं. तरी मी बाजूला सरकलो.

मग मला राग आला. बेड मी आणलेला, मग ठपकाही माझ्यावरच. तिघांचे जुने केसपेपर काढले. मरणाचं कारण तिन्हींवर एकच, हार्ट फेल. कारण कळलं नाही की आमच्याकडे तेच लिहीत. पण वरच्या ओळीतही एकच होतं, मांडीचं हाड. मोडलेलं हाड सरळ राहावं म्हणून पायाला दोरीने वजन टांगतात, त्याला ट्रॅक्शन म्हणतात. ट्रॅक्शनची फ्रेम फक्त चार नंबरला होती. म्हणून मांडी मोडलेला प्रत्येक माणूस तिथेच जायचा.

आमचे हाडांचे डॉक्टर मुंबईहून आठवड्यातून एकदा येत. त्यांना फोन लावला.

“छातीवर, काखेत लाल ठिपके आहेत का बघा.”

फोन चालू ठेवून वॉर्डात गेलो, ड्रायव्हरचा शर्ट उघडला. टाचणीने टोचल्यासारखे ठिपके होते.

“हाडातली चरबी रक्तात उतरते. फुप्फुसात, मेंदूत जाऊन अडकते. माणूस भ्रमात बोलतो. हाड हलत राहिलं की जास्तच. पाय बांधून आणला होता का?”

“टेम्पोत घालून आणला, तसाच.”

“ऑक्सिजन लावा. व्हेंटिलेटर असेल तिथे हलवा, लगेच.”

डॉक्टरसाहेब म्हणाले, “अरे, बेड बदल. बाईचं समाधान होईल. बाकी उद्या बघू.”

“साहेब, उद्या तिसरा दिवस. बेड नाही, हॉस्पिटल बदला.” आवाज बाहेर ओपीडीपर्यंत गेला असावा. त्यांनी सही केली.

पाय फळीला बांधून, ऑक्सिजन लावून त्याला मुंबईला पाठवला. दोन महिन्यांनी तो कुबड्यांवर पेढे घेऊन आला. बायको म्हणाली, “बेड सोडला म्हणून वाचले.” डॉक्टरसाहेबांनी मान डोलावली आणि माझा बेड भंगारात काढला.

नवा बेड आला, नवी फ्रेम आली. चार नंबर गाळून पाच दिला. काही आठवड्यांनी त्यावर मांडी मोडलेले एक मास्तर आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शांतपणे विचारलं, “पायाशी कोण उभंय?”

मी पायाशी बघितलं नाही. मास्तरांच्या शर्टाची बटणं काढली.