तिचा डबा, माझी बिस्किटं

आमच्या लेकीला दूध सोसत नव्हतं. दूध, दही, तूप, काहीही पोटात गेलं की अंगावर हे एवढाले फोड उठायचे. गोठ्यात गाई, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध जायचं, आणि घरची पोर सणाला कोरडी पुरी खाऊन उठायची. मी तरी काय करणार? गूळ-शेंगदाणे हातावर ठेवायचे, झालं.

दोन हजार सालाच्या पुढंमागं ती पुण्याची बाई खोडदला आमच्या शेजारी भाड्याने राहायला आली. नवरा तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांवर कामाला. बाई टापटीप, बोलणं साखरेत घोळलेलं. आल्या आल्या तिने माझ्या पोरीसाठी चॉकलेटची बिस्किटं केली. माझ्या पोरीसाठी!

"ताई, घाबरू नका. दूध, तूप, अंडं काहीच नाही यात. शेंगदाण्याचं तेल घातलंय, आणि दाण्याचं कूट तेल सुटेपर्यंत वाटून," म्हणाली.

मी एक तोंडात टाकलं. कडा खुसखुशीत, आत मऊ, आणि मधेच कडू चॉकलेटचा वितळलेला तुकडा. मला ते आवडलं, याचाच जास्त संताप आला. शेंगा माझ्या घरात पोत्याने पडलेल्या, आणि हे सुचलं कुणाला, तर तिला!

मग रोजचंच झालं. शाळा सुटली की दप्तर आमच्या ओट्यावर आणि पोरगी तिच्या स्वयंपाकघरात. घरी आली की "काकू अशी न् काकू तशी." माझ्या हातची भाकरी चिवडत बसायची. मी जळत होते, सरळ सांगते. दर आठवड्याला बिस्किटांनी भरलेला तिचा स्टीलचा डबा यायचा, झाकणावर तिचं नाव कोरलेलं. शेजारणीचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. पोरीलाही मीच शिकवलेली. मी त्यात मुद्दाम खरवस नाहीतर तुपातले लाडू भरायचे. म्हटलं, बघ, आम्हालाही येतं काहीतरी. ती आणखीच गोड हसून घ्यायची.

पुढे तिच्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली. सामानाच्या टेम्पोमागे पोरगी रडत पळाली. मला मात्र हायसं वाटलं. शेवटचा डबा आमच्याकडेच राहिला होता, तो मी फडताळात पार मागे सारला. डबा परत गेलाच नाही म्हणजे येणं-जाणं संपलं.

पण पोरगी रुसली ती रुसलीच. शेवटी मीच पदर खोचला. आमच्या ह्यांना पुण्याहून कोको आणि कडू चॉकलेट आणायला लावलं. कुकरची रिंग आणि शिट्टी काढली, तळाला मीठ पसरलं, आणि पीठ चांगलं तिंबून तिंबून मळलं. हयात भाकरी-चपातीत गेलेली, हात दुसरं काय करणार! बिस्किटं अशी झाली की कुत्र्यानेही हुंगून सोडली.

पोरगी म्हणाली, "आई, मळायचं नसतं गं. काकू नुसतं गोळा करायची."

काकू! मी उलथणं आपटलं. दुसऱ्या दिवशी मात्र नुसतंच गोळा केलं.

या खेपेला कुकरचं झाकण उघडलं आणि वास थेट गोठ्यापर्यंत गेला. पोरीने गरमच तोंडात टाकलं, तोंड पोळलं तरी थांबेना. "आई, लई भारी झालीत! तश्शीच!" म्हणाली आणि गळ्यात पडली. ते 'तश्शीच' मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कितीतरी दिवसांनी माझी पोर माझी झाली होती.

मग ती उठली, फडताळात खांद्यापर्यंत हात घातला आणि तो डबा बाहेर काढला. बरोब्बर ठाऊक होतं तिला.

"बाबा उद्या कांदा घेऊन पुण्याला चाललेत ना? काकूचा डबा कवाचा राहिलाय. रिकामा न्हाई द्यायचा, तूच सांगतीस ना?"

कपाळ माझं! तिने निवडून निवडून अख्खी बिस्किटं डब्यात भरली, वरून झाकण दाबून बसवलं. माझ्यासाठी ताटात बुडाला करपलेली तेवढी उरली. ती मी भिंतीला टेकून एकटीने खाल्ली. चांगली झाली होती, मेली.