दम कोंडून

"वरून लाल टमाटर, आतून सडकं."

भैयासाहेब असं बोलला आणि अख्खी जिम हसली. माझा डावा हात टेबलावर होता. दंडाला बीपीचा पट्टा. त्यातली हवा अजून पुरती गेली नव्हती.

त्या दिवशी जिममध्ये फुकट तपासणी ठेवली होती. भैयासाहेबाचा एक डॉक्टर मित्र नागपूरहून आला होता. सगळ्यांत आधी मला बसवलं. बाहेर हायवेवर जिमचा बॅनर होता, त्यावर माझाच फोटो. हातात लोखंडी दांडा, दोन्ही बाजूंना चकत्या, दात आवळलेले. डॉक्टरनं एकदा पट्टा फुगवला. मान हलवून पुन्हा फुगवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"एकशे अडुसष्ट, एकशे आठ. या वयात?"

वय माझं सव्वीस.

तेव्हा तो टमाटरावर बोलला. वर मित्राला सांगितलं, "आमच्या वाडीतला माल आहे." मी पण हसले. घाबरलेलं माणूस हसतं.

हा भैयासाहेब म्हणजे जिमचा मालक. त्याचे आजोबा कारंज्याकडच्या आमच्या गावचे मालगुजार. आमचं घर त्यांच्या विहिरीवरची वाडी करायचं. वांगी, फुलकोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर. पहिला तोडा त्यांच्या घरी द्यायचा, मागच्या दारानं. मी लहान असताना मायसोबत टोपलं घेऊन त्या दारात उभी राहायची. आतून आवाज आला की टोपलं ठेवायचं आणि चार पावलं मागं सरायचं. आता थोडी जमीन आमच्या नावानं झाली आहे. पण ते मागचं दार त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

कोबीची पोती उचलून उचलून माझं अंग दणकट झालं होतं. कॉलेजात खेळाच्या सरांनी हातात दांडा दिला. जिल्ह्यात नंबर आला. मग भैयासाहेबानं बोलावलं. म्हणाला, सराव माझ्याकडे कर, सकाळी बायांची बॅच शिकव. मला केवढा आनंद झाला होता. बाबा तेव्हा धडधाकट होते. ते म्हणाले, "पुढच्या दारानं बोलावलं का त्यानं?" आणि मी रागावले होते त्यांच्यावर.

बाबांचं सांगते. त्यांचं डोकं दुखायचं. दुपट्टा कचकचून बांधायचे आणि वाफ्यात उतरायचे. ऊन लागलं म्हणायचे. एका दुपारी पाणी देता देता सरीतच आडवे झाले. मी धावत गेले तेव्हा पाणी त्यांच्या कानापर्यंत आलं होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं. दवाखान्यात सांगितलं, बीपी होतं, कधी मोजलंच नाही. तेव्हापासून बाबा बाजेवर आहेत. मला हाक मारतात तर अर्धीच येते.

म्हणून टेबलावर तो आकडा वाचला तेव्हा मला हसणं ऐकू येत नव्हतं. बाबांचं तोंड दिसत होतं.

बाया गेल्यावर भैयासाहेबानं केबिनमध्ये बोलावलं. "कोनाले सांगू नको. नवीन मशिनींचं उद्घाटन आहे. पाहुणे येऊन राह्यले तुले उचलताना पाहाले. पावडर दुप्पट घे, जोर येते."

ही पावडर तोच देत असे. व्यायामाच्या आधी पाण्यात कालवून प्यायची. प्यायलं की कान तापायचे, छाती आतून कोणी दार ठोकावं तशी धडधडायची. मी समजत होते, हाच जोर.

त्यानंतर मी नुसती भीत होते. खाली बसून वजनासकट उठताना डोळ्यांपुढे काळे ठिपके यायचे. आधीही यायचे, पण आता ते मोजल्यासारखे दिसायचे. भाकर थापताना एक हात जरा थकला की थापणं थांबवून मूठ वळून पाहायची. दिवसातून कितीदा तरी आरशापुढे जाऊन हसून पाहायची. दोन्ही कोपरे सारखे वर जातात का. दोन्ही हात वर करायची. जीभ बाहेर काढायची.

मायनं पाहिलं. "काऊन वं, आरशात दात काय काढून राह्यली?"

सांगितलं. तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली, हात धुतले आणि पदर नीट केला. तशीच मला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी शांत बसवून ठेवलं. मग दोन्ही हातांवर मोजलं. रक्त, लघवी तपासायला दिली, पुन्हा पुन्हा बोलावलं. आकडा उतरत नव्हता. गोळी सुरू केली. मी विचारलं, "व्यायाम सोडू काय?" विचारताना रडू आलं.

"व्यायाम नाही सोडायचा. जड वजन सोडायचं. बीपी ताब्यात येईपर्यंत," त्या म्हणाल्या. "तू उचलताना श्वास कोंडून जोर लावतेस ना?"

"तसंच शिकवलं."

"त्या क्षणी बीपी एकदम वर उसळतं. तुझं आधीच वर आहे. हलकं वजन घे, जोर लावताना तोंडानं श्वास सोडत जा. मधे विसावा घे."

मी पावडर पुडीत बांधून नेली होती. त्यांनी विचारलं कसं वाटतं प्यायल्यावर. ऐकून पुडी बाजूला सारली. "आजपासून बंद. लोणचं, मिठाचा ठेचा कमी. आणि ऐक. डोकं फुटायला लागलं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय जड पडला, तर जिममध्ये कोणाला विचारत बसू नकोस. सरळ इथे ये."

मी भैयासाहेबाला सांगितलं. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "गोळ्या म्हातारे खातेत. कार्यक्रम होऊ दे, मंग खाजो."

मी गोळी घेत राहिले. पण नाही म्हणता आलं नाही. त्या घराला नाही म्हणायची आमच्या घराला सवयच नव्हती. दोन्हीकडची भीती. उचललं तर मरण, नाही उचललं तर तो.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे सोफ्यांवर बसले होते. गळ्यात हार. माझ्या बॅचच्या बाया मागं भिंतीला लागून उभ्या. भैयासाहेबानं माइक घेतला.

"ही आमच्या वाडीतली पोरगी. हिचा बाप आमच्या मागच्या दारात भाजी आनून टाके. आज पाहा, आम्ही हिले काय बनवलं."

टाळ्या.

दांड्यावर चकत्या चढवल्या. मी आजवर कधी उचललं नव्हतं इतकं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माइक खाली धरून जवळ आला. "दम कोंड अन् उचल. माह्यं नाक कापू नको."

मी वाकले. हाताला पांढरी भुकटी होती तरी तळवे ओले. दांडा धरला. सवयीनं श्वास आत ओढला आणि कोंडला. जोर लावला. वजन जमिनीवरून सुटलं. कानात ठोके सुरू झाले. मग ठोके नव्हते, नुसती गरगर. सोफा, हार, माणसं कडेनं काळी पडायला लागली. मधे फक्त सरीतलं पाणी दिसलं. कानापर्यंत आलेलं.

मी श्वास सोडला. दांडाही सोडला.

दणका बसला. काचा हलल्या.

"उचल," तो म्हणाला.

"नाई उचलत."

"काय?"

"मले बीपी आहे. मी गोळी घेते. हे वजन मी उचलत नाई." आवाज कापत होता. पण मोठा निघाला. मागच्या भिंतीपर्यंत गेला.

त्याचा चेहरा लाल झाला. पाहुण्यांसमोर हसायचा प्रयत्न केला. जमला नाही. "मंग जा, पड बाजेवर. तुह्या बापासारखी."

इतकी वर्षं त्या घरातल्या माणसाच्या डोळ्यात मी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

"माह्या बापाले कोनी सांगतलं नवतं," मी म्हणाले. "मले सांगतलं. अन् मी तुमाले सांगतलं. तरी तुमी वजन चढवलं."

एका पाहुण्यानं हार काढून मांडीवर ठेवला. मी हाताची भुकटी पुसली आणि त्या सोफ्यांच्या मधून चालत बाहेर पडले. पायऱ्यांवर बसावं लागलं.

माझ्या मागून रेखाताई आली. माझ्या बॅचमधली, बसस्टॅंडजवळ राहणारी, जाडजूड, सगळ्यांत मागं उभी राहून व्यायाम करणारी. शेजारी बसली. पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं.

"मलेबी आहे. घरी सांगतलं नाई. सासू म्हनन, बिमार बाई पदरी पडली. अन् तू शिकवते तसा दम कोंडून मीबी उचलत होती."

ही बाई माझ्यासमोर पडली असती. मला जे शिकवलं तेच मी पुढं शिकवत होते. मी तिला तिथंच, त्या पायरीवर, श्वास कुठं घ्यायचा आणि कुठं सोडायचा ते दाखवलं. येणारे जाणारे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी बॅनर उतरला. वजन उचलण्याच्या पुढच्या स्पर्धेला माझं नाव त्याच्या जिमकडून जायचं होतं, ते गेलं नाही. गावात मला नवीन नाव पडलं, बीपीवाली. लग्नाचं बोलणं चाललेल्या एका घरानं निरोप धाडला की आता थांबू. माय त्या दिवशी जेवली नाही.

भंगारातून एक दांडा आणला आहे. भाजी निवडायच्या टिनाच्या शेडमध्ये मी हलकं हलकं उचलते. श्वास सोडत. रेखाताई येते कधी कधी.

मग त्याचा माणूस आला. मी मेथीच्या जुड्या बांधत होते. म्हणाला, "भैयासाहेब म्हनते, सगळ्यांपुढं माफी माग अन् परत ये. स्पर्धेलेबी पाठवतो म्हनते."

माय माझ्याकडे पाहत होती. बाजेवरून बाबाही पाहत होते.

"माफी नाई मागत," मी म्हणाले. "त्याच्या जिममंधी येत नाई. अन् उचलनंबी सोडत नाई. जसंच्या तसं सांगजो त्याले."

तो गेला. मी दवाखान्यात जाऊन आले. आकडा पहिल्यापेक्षा उतरला आहे, पण हवा तेवढा नाही. मॅडमनी गोळी बदलली. परत येताना भीती सोबत होतीच. ती जाणार नाही, मला माहीत आहे. रोज उठल्यावर मी आधी दोन्ही हातांच्या मुठी वळून पाहते.

भीत भीत जगेन. पण कोणाची शान राखायला मरणार नाही.