एका वायरीचं गाणं

अहमदपूरच्या बसस्टँडमागे जोहराचं दुकान आहे. पुढे भाड्याचे स्पीकर, मागे गाणी रेकॉर्ड करायची खोली. तिचे वडील मकबूलभाई होते तेव्हा मी तिथे हमाल होतो. स्पीकरची पेटी दोघांनीच उचलायची, असा त्यांचा दंडक. आता कंबर साथ देत नाही. मी वायरी गुंडाळून देतो.

जोहरा चाळिशीची. गाणं तयार झालं तरी लगेच देत नाही. चहा पिऊन येते, परत ऐकते, मग देते. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणते, "तुमच्या घाईनं माझे कान बदलत न्हाईत."

यंदा वैशाखात आनंदराज आला. जवळच्याच गावचा, तिथल्या विहाराचं काम बघतो. त्याची आई धुरपताबाई आणि मावशी भीमाबाई दर बुद्धपौर्णिमेला विहारात जोडीने गात. भीमाबाई थंडीत वारली. दोघींचं एकच गाणं शिल्लक होतं. ते जोहरानेच पूर्वी रेकॉर्ड केलेलं. दोन माइक लावले होते. डावीकडे धुरपताबाई, उजवीकडे भीमाबाई. एकटी गाणार नाही, तेच गाणं भोंग्यावर लावा, असं धुरपताबाईने सांगितलं होतं.

"ताई, तुम्हाला ठावंच हाय," आनंदराज म्हणाला. "आमच्या मशीनची उजवी बाजू मेलेली. भोंग्याला डावीच वायर."

"अजून दुरुस्त केली न्हाई?"

"करू की पुढच्या वर्षी."

"माझ्या अब्बांनाही हेच सांगितलं होतं तुम्ही."

अशी गावं आमच्याकडे बरीच. मशीन कोणी दुरुस्त करत नाही. जोहराच गाणं डावीकडे सरकवून देते. कॉम्प्युटरवर पॅनचा नॉब असतो. तो पूर्ण डावीकडे फिरवला की उजवीकडचा आवाजही डाव्या वायरीत येतो. पण तिचा जुना कॉम्प्युटर बंद पडला होता. नव्यावर सॉफ्टवेअरही नवं आलं. नॉबची जागा तीच होती, नावही पॅनच. तिने फिरवला, चहा पिऊन आली, ऐकलं. बहिणींचे आवाज एकसारखे. तिला ठीक वाटलं. तिने दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुरपताबाई मुलाला घेऊन आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"जोहरा, भीमाला कुठं टाकलंस?"

"मावशी, हाय की ती. दोघी हायेत."

"लाव बरं."

गाणं सुरू झालं. एका ओळीच्या मधेच धुरपताबाईने बोट वर केलं.

"हितं मी दम घेतला. मी दम घेते तवा ती ओळ धरते, ती घेते तवा मी. दोघींनी एकदम घ्यायचा न्हाई, आईनं शिकवलेलं. आता ऐक. भोक पडलंय."

ओळ खरंच तुटली होती.

"आई, लोकांना काय कळतंय?" आनंदराज म्हणाला.

"मला कळतंय. ती नसली तर लावूच नका."

पौर्णिमा दोन दिवसांवर होती. जोहरा वाद घालत बसली नाही. तिने हेडफोन चढवले आणि नॉब हळूहळू फिरवला. मधोमध असताना दोघी होत्या. डावीकडे जाऊ लागला तशी भीमाबाई बारीक होत गेली, शेवटी राहिलीच नाही.

"सिद्धरामकाका, हे सरकवत न्हाई. उजवीचं नुसतं कमी करतंय," ती मला म्हणाली.

"म्हणजे पेटी डावीकडं घ्या म्हटलं, तर यानं उजवीकडच्या हमालाला घरी पाठवलं."

"तेच. हे बॅलन्सचं काम. तेबी लागतं, एक बाजू जड झाली की हलकी करायला. पण मग तसं नाव द्यावं. पॅन म्हटलं की आवाज दुसरीकडं गेला पायजे, गायब न्हाई."

तिने गाणं फोडून दोन पट्ट्या केल्या. एकीत धुरपताबाई, दुसरीत भीमाबाई. दोघींना आपापला नॉब. दोन्ही डावीकडे नेले. आता दोन्ही आवाज एकाच वायरीत आले, त्यामुळे चढ्या ओळीला आवाज फाटू लागला. तिने दोन्ही सारखेच थोडे उतरवले.

"माझा अजून उतरव," धुरपताबाई म्हणाली. "ती मोठी होती."

"गाताना उतरवला होतात का?"

"न्हाई. त्यावरूनच भांडायची माझ्याशी."

"मग जसं गायलात तसंच राहील."

धुरपताबाई हसली. मग खाली बसली. जोहरा उठली.

"आता कुठं निघाली?"

"चहाला. तुम्हीबी चला."

परत आल्यावर तिने पुढच्या खोलीतला भोंगा जोडला, नुसती डावी वायर लावून. उजवी हातात धरली आणि सगळं गाणं भोंग्यावरच ऐकलं. "हे कालच करायला पायजे होतं," एवढंच म्हणाली.

पौर्णिमेला सकाळी वायर ओढायला मी गेलो. जोहराही आली. असल्या लहान कामाला ती एरवी येत नाही. भोंगा विहारासमोरच्या लिंबाला बांधला होता. धुरपताबाई पायरीवर बसली होती, पांढरं लुगडं नेसून. गाणं लागलं. एकटी गाणार नाही म्हणालेली बाई गाण्यासोबत पुटपुटू लागली. ती जागा आली. ती थांबली, तिने दम घेतला. भोंग्यातली ओळ पुढे चालत राहिली. पुढच्या शब्दाला तिने ती परत धरली.

मशीनची डावी खोबणही जरा सैलच होती. गाणं संपेपर्यंत जोहराने वायरीवरचा हात काढला नाही.