बाकाचं एक टोक

"हिचं काळीज बघा कसं उडतंय! काय चोरून आलीस काय गं?"

खेळाचे सर बोलले आणि रांगेतल्या पोरी फिदीफिदी हसल्या. माझं मनगट डॉक्टरांच्या हातात होतं, ते सोडवून पळताही येईना.

मी नववीत होते. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात शाळेत आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. शिबिर असो नाहीतर झेंडावंदन, बाकं उचलायला आम्हा बुद्धवाड्यातल्या पोरींनाच हाक यायची. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. रीतच होती. त्या दिवशी आम्ही वीस बाकं माडीवरून उतरवली. त्यांवर बाकीच्या पोरी बसल्या, सावलीत, गप्पा मारत. मला मात्र शेवटचं बाक टेकवल्या टेकवल्या डॉक्टरांपुढं उभं केलं. ठोके भरले एकशे अठरा. कार्डावर लाल शेरा पडला आणि खो-खोच्या संघातून माझं नाव गेलं.

मला लाज वाटली. बाकांची नाही, माझ्याच काळजाची. आईला सांगितलं, "मलाच खेळायचं न्हाय." वर्षभर जिना चढताना छाती दाबून धरायचे.

पुढं नर्सिंगला गेले. तिथं शिकवलं, बसल्या जागी ठोके जास्त पडत असतील तर ती पुढच्या दुखण्याची खूण असू शकते. पण मोजायच्या आधी पोराला पाच मिनिटं निवांत बसवायचं. माझे कान तापले. मला कुणी बसवलंच नव्हतं.

आणि एवढं शिकून मी काय केलं? गेल्या वर्षी अशाच एका शाळेत नर्स म्हणून तपासणीला गेले आणि लांब रांग बघून घामेजलेल्या एका पोरीचे ठोके उभ्या उभ्या मोजले. एकशे दहा. लाल पेन उचललं, तेव्हा तिच्या तळहातावरचे वळ दिसले.

"बाकं कुणी उचलली गं?"

"आमीच की. दरवेळी आमीच."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठले, माझी खुर्ची तिला दिली.

हेडसर म्हणाले, "सिस्टर, तिला कशाला खुर्ची? रांग खोळंबली हाय."

"खोळंबू दे. ही बसल्याबिगर मी एकाचीबी नाडी बघणार न्हाय."

पाच मिनिटं ती बसली, रांग उभी राहिली. ठोके भरले शहात्तर.

आता शिबिराला मी तासभर आधी जाते. बाकं बाहेर काढायची वेळ आली की पोरींना बाजूला करते आणि म्हणते, "चला सर, एक टोक तुम्ही धरा."

दुसरं मी धरते. सरांनी धरलं नाही, तर शिबिर होत नाही.