आधी एक घोट, मग उत्तर

करोल बागेतल्या शिंप्याकडून मधुकरचा कोट घेऊन मेट्रोपाशी पोचलो, तेवढ्यात वहिनींचा फोन आला. ‘भाऊजी, हे उठतच नाहीयेत...’ एवढंच त्या बोलू शकल्या. कोर्टात साक्षीला उभं राहायचं म्हणून त्याने तो कोट मापाचा करायला दिला होता. सात आठवडे झाले, कोट माझ्याच कपाटात आहे. परत द्यायचा धीर होत नाही.

मधुकर नागपूरकडचा, मी साताऱ्याचा. दिल्लीत एकाच सरकारी कार्यालयात आयुष्य काढलं आणि गाझियाबादला एकाच गल्लीत घरं घेतली. तो निवृत्त झाला आणि शेजाऱ्याने गच्चीच्या सामाईक जिन्याला लोखंडी दार लावून कुलूप घातलं. पाण्याची टाकी वर, म्हणजे दरवेळी किल्ली मागायला जायचं. स्वतःच्या घरात किल्ली मागणार नाही, म्हणून मधुकरने दिवाणी दावा लावला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं मी सुनावलं, तर म्हणाला, ‘शहाणा असतो तर तुझ्याशी दोस्ती केली असती का?’

कागद त्याने चोख लावले. आपलं म्हणणं प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं. राहिली उलटतपासणी, आणि इथेच घोडं पेंड खात होतं. गडी बोलघेवडा, एक विचारलं की दहा सांगायचा. विचारलं तेवढंच बोला, असं वकिलांनी बजावलं होतं. मग रविवारी दुपारी त्याच्या जेवणाच्या टेबलावर आमचं कोर्ट भरू लागलं. समोरच्या पक्षाचा वकील मी, तोही हिंदीतून. त्याच्यापुढे पाण्याचा स्टीलचा ग्लास. आधी एक घोट, मग उत्तर, असा नियम मीच घातला होता. ‘जीना कब बंद हुआ?’ विचारलं की स्वारी थेट प्लॉट घेतला तिथपासून सुरू व्हायची. मी टेबलावर बोट आपटायचो. तो ओशाळून घोट घ्यायचा आणि सांगायचा, ‘दो साल पहले.’ महिन्याभरात अगदी तयार झाला होता.

उलटतपासणीची तारीख लागली, ती नेमकी माझ्या पुतणीच्या लग्नाच्या दिवशी. कोर्टात मी मागे बसलो नाही तर हा भरकटेल, अशी मला भीती. पुढची तारीख घे, म्हणून मी हट्टच धरला.

‘आत्ता सगळं पक्कं आहे यार. होऊन जाऊ दे ना,’ तो म्हणाला.

मी ऐकलं नाही. त्याने तारीख वाढवून घेतली, आणि त्या नव्या तारखेच्या बारा दिवस आधी तो गेला. उलटतपासणी न झालेल्या साक्षीला फारसं वजन राहत नाही, असं वकिलांनी नंतर सांगितलं. त्याची सगळी मेहनत मी एका लग्नाच्या पंगतीपायी घालवली. वहिनी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं...

आता वारस म्हणून दाव्यात त्यांचं नाव लागायचंय, साक्षही त्यांनाच द्यायचीय. परवाच्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर तोच ग्लास भरून ठेवलेला. मधुकरच्या खुर्चीत त्या ताठ बसल्या.

‘विचारा भाऊजी. त्यांना विचारायचात तसंच.’

त्यांनी नाव नीट सांगितलं. मग मी विचारलं, ‘पति का नाम?’

त्यांनी एक घोट घेतला. ग्लास खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा एक घोट... ग्लास रिकामा झाला तरी उत्तर आलं नाही. मी उठलो, ग्लास भरून आणला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.