सासऱ्यांना खुर्चीत बसून बोट लागली

मंडळी, व्हीआर हेडसेटला ७२ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रं, पुरतात, १२० म्हणजे नुसती हौस, असं मी या ग्रुपवर ठासून सांगायचो. आज दुपारी मत बदललं.

तारोडीला सासुरवाडीत आलोय. सासऱ्यांची हयात मासेमारीत गेली, आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. म्हणून त्यांच्या डोळ्यांवर हेडसेट चढवून होडीचा गेम लावून दिला. दोन मिनिटांत गरगरायला लागलं. दर्यावर ज्यांना कधी बोट लागली नाही, त्यांना खुर्चीत लागली! बिचारे ओशाळले.

"बाबा, मान फिरवू नका, समोरच बघा."

"असं कसं? मागं बघाया नको?"

मग सेटिंगमध्ये १२० केलं. आता मान वळवली तरी चित्र मागे रेंगाळत नव्हतं. बाबा सारखे वळून वळून बघायला लागले.

"काय शोधताय?"

"होडी सुटली की ही बंदरावर उभी असायची. दिसते तोवर मी मागंच बघायचो."

दारात कोळंबी सोलणाऱ्या सासूबाई हात धुऊन आल्या आणि खुर्चीमागे उभ्या राहिल्या. "मी हाय ना इथं."

हेडसेट न काढताच बाबांनी मागे हात केला.

तुमच्या हेडसेटचे हर्ट्झ नंतर सांगा. आधी सांगा, मागे वळून बघितलं की तुम्हाला कोण दिसतं?